परक्यानं विचारलं, गाणं कोणतं आवडतं

मिरजेत गाण्याबद्दल बोलणं कुणालाच जड जाऊ नये. सतारमेकर गल्लीत शिरलं की भोपळे टांगलेले दिसतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून आलेले, वाळून हलके झालेले. कुणी तुणाच्या लाकडावर काम करत असतं, कुणी तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत, पुन्हा पुन्हा तार छेडत जवारी लावत असतं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात हे काम इथं रुजवलं, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गवई अब्दुल करीम खाँ या गावात राहिले. 1937 साली दक्षिणेत प्रवासात असताना ते गेले, पण त्यांना आणलं गेलं ते मिरजेलाच. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसाच्या वेळी त्यांच्या आठवणीत मोठमोठे गवई इथं येऊन गातात, आणि ऐकायला गावातलं कुणीही येऊन बसतं.

अशा या गावात मी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. मिरज जितकं वाद्यांचं, तितकंच दवाखान्यांचं गाव. 1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि रुग्णसेवा शिकायला खेड्यापाड्यांतून मुली आणि आता मुलंही इथं येत राहिली. माझ्याकडे येतात त्यांतल्या बऱ्याच जणांना ब्रिटनला जायचंय. तिथं नर्स म्हणून नोंदणीसाठी आयएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा दिली, तर तिच्या बोलण्याच्या परीक्षेत किमान 7 बँड लागतात. ड्यूटी संपवून, घाईनं चहा घेऊन मुलं येतात. डोळ्यांत झोप असते. आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी संगीत हा विषय निघतोच, कारण परीक्षेतही तो वारंवार निघतो.

मी विचारते, तुला कोणत्या प्रकारचं संगीत आवडतं? आणि मिरजेत, सांगलीत, तासगावात, जतमध्ये वाढलेली ही सगळी मुलं एकच उत्तर देतात. मला सॉफ्ट, मेलोडियस म्युझिक आवडतं, कारण दिवसभराच्या कामानंतर ते माझं मन शांत करतं.

हे उत्तर ऐकलं की मला वाईट वाटतं. व्याकरण ठीक असतं, उच्चारही बहुतेक ठीक असतात. पण बोलणारं माणूस त्यात कुठंच नसतं.

परीक्षा कशी चालते ते थोडक्यात सांगते. परीक्षक आणि उमेदवार, दोघंच. समोरासमोर, किंवा आता पुष्कळदा व्हिडिओ कॉलवर. सगळं मिळून 11 ते 14 मिनिटं, तीन भागांत. पहिल्या भागात 4-5 मिनिटं घर, काम, छंद असे ओळखीचे विषय. दुसऱ्यात एक कार्ड हातात पडतं: तुमच्यासाठी महत्त्वाच्या असलेल्या एखाद्या गाण्याबद्दल सांगा, असं काही. एक मिनिट विचार करायचा, कागदावर चार शब्द टिपायचे आणि मग एक ते दोन मिनिटं एकट्यानं बोलायचं. तिसऱ्यात त्याच विषयाला धरून जरा खोल प्रश्न: तरुणांची आणि म्हाताऱ्यांची आवड वेगळी का असते, पारंपरिक संगीत जपायला हवं का. गुण चारच गोष्टींचे: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. चारींचं वजन सारखं. मतांना गुण नाहीत. गझल आवडली म्हणून जास्त नाहीत, लावणी आवडली म्हणून कमी नाहीत. परीक्षकाच्या गुणपत्रिकेत आवडीसाठी रकानाच नाही.

या शेवटच्या गोष्टीवर मी वर्गात फार थांबते, कारण मुलांचा तिच्यावर विश्वास बसत नाही. आवडीवरून आपल्याला कुणीच जोखणार नाही, असा प्रसंग त्यांनी पाहिलेलाच नसतो.

पाठ उत्तर आळसातून येतं, असं शिकवणारे पुष्कळ जण म्हणतात. पुस्तकातून उचललं, यूट्यूबवर ऐकलं, घोकलं, झालं. मला ते पटत नाही. हीच मुलं रात्रपाळीत औषधांची नावं आणि मात्रा बिनचूक सांभाळतात. पाठ उत्तर ही भिंत आहे, आणि मुलं तिच्यामागे काहीतरी लपवतात. सॉफ्ट आणि मेलोडियस म्हटलं की तुमचं गाव कळत नाही, घर कळत नाही, घरात पहाटे काय वाजतं आणि जत्रेत कोण वाजवतं हे कळत नाही. आपल्याकडे कोणतं गाणं आवडतं हा प्रश्न कधीच नुसता गाण्याचा नसतो. समोरचा माणूस उत्तर ऐकतो आणि मनातल्या मनात तुमचा पत्ता लिहून घेतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी 1979 सालच्या आपल्या ग्रंथात आवडीनिवडी आणि वर्ग यांचं नातं उलगडून दाखवलं आणि त्यात संगीताची आवड सर्वांत जास्त बोलकी ठरवली. ते फ्रेंच समाजाबद्दल लिहीत होते. आपल्याकडे वर्गाच्या जोडीला जात आहे, त्यामुळे पत्ता जास्तच नेमका लागतो.

शिवाय प्रश्नात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: संगीत ही एकेकट्यानं निवडायची वस्तू आहे. बाजारात मांडलेल्या मालातून तुम्ही हे उचललं, ते ठेवलं. आमच्या मुलांच्या घरांत गाणं असं आलेलं नाही. ते वारानं आलं, तिथीनं आलं. कार्तिकात काकडा, लग्नानंतर गोंधळ, एकादशीला भजन, गणपतीत आरत्या. जतच्या बाजूच्या एका मुलीला मी विचारलं, तुझी आजी कोणतं संगीत ऐकायची? ती गोंधळली. म्हणाली, मॅडम, आजी ऐकायची नाही, ती म्हणायची. दळताना म्हणायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या म्हणणाऱ्या बायांपैकी कुणाला आपली आवड कुणी कधी विचारली असेल? गाणं त्यांच्या कामाचा भाग होतं. दळण संपलं की ओवी थांबायची.

आकाशवाणीवर ‘आपली आवड’ लागायचं, ते आमच्या पिढीला आठवतं. एकेका गाण्याआधी पत्र पाठवणाऱ्यांची नावं वाचली जायची: अमुक गावाहून काका, काकू, ताई, बाळू, बंटी आणि समस्त परिवार. आवड सगळ्या घराची मिळून एक असायची, आणि गावाच्या नावासकट साऱ्या महाराष्ट्राला सांगितली जायची. मला ती नावं गाण्यांइतकीच आवडायची. मात्र त्या नावांत गावाची वेसही होती. वेशीच्या आतल्यांची पत्रं किती आणि बाहेरच्यांची किती, असा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. आता पडतो.

वाळवा तालुक्यातला एक मुलगा वर्गात होता. अंगानं किडकिडीत, कामात चोख, बोलायला बुजरा. त्याचं म्युझिकचं उत्तर अरिजित सिंगचं होतं, आणि ते खोटं नव्हतं. बसमध्ये कानात त्याच्या तेच असायचं. पण कार्ड आलं, लहानपणापासून परिचित असलेल्या एखाद्या वाद्याबद्दल सांगा. तो मिनिटभर कागदाकडे बघत राहिला. मग गिटारबद्दल बोलू लागला. गिटार त्यानं कधी हातात धरली नव्हती, त्यामुळे चौथ्या वाक्याला शब्द संपले.

इतर मुलं गेल्यावर तो मागं राहिला आणि म्हणाला, मॅडम, हलगीबद्दल बोललो तर चालेल?

त्याचे वडील हलगी वाजवतात. जत्रेत, मिरवणुकीत, आणि कुस्तीच्या मैदानात. आमच्या या पट्ट्यात, कुंडलसारख्या मैदानांत, हलगीशिवाय कुस्ती होत नाही. पैलवान नुसते एकमेकांना जोखत असतात तेव्हा ती सावकाश चालते, आणि डाव रंगात आला की अशी काही चढते की बघणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो. पैलवानाचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. हलगीवाल्याचं येत नाही. ती वाजवणारे हात कोणत्या वस्तीतले, हे गावात कुणाला विचारावं लागत नाही. म्हणून मिरजेच्या हॉस्टेलमध्ये त्यानं वडिलांचं काम कधी सांगितलं नव्हतं. शेती, एवढंच म्हणायचा.

मी म्हटलं, चालेल काय, बोलच. पण एक लक्षात ठेव, परीक्षकाला यातलं काहीही माहीत नाही असं समजून सांग.

आणि त्याची इंग्रजी चालू लागली. आधी अडखळत, पण मग थांबेना. कडं कशाचं, त्यावर कातडं कसं ताणून बसवतात. डाव्या हातात धरून छातीशी कशी टेकवायची. एका हातातली काठी जाड आणि दुसऱ्यातली बारीक, आणि दोन्हींचं काम वेगळं. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, आवाज बसतो. मग वाळकं गवत किंवा कागद पेटवून हलगी शेकायची. जास्त शेकली तर कातडं फाटतं. किती शेकायची ते वडील बोटानं टिचकी मारून ऐकतात. लहानपणी कागद गोळा करून आणायचं काम त्याचं होतं.

काय घडत होतं, ते शिकवणारी म्हणून मला दिसत होतं. गिटारवर बोलताना त्याच्याकडे तीनच क्रियापदं होती: आहे, आवडतं, वाटतं. हलगीवर बोलताना ताणणं, टेकवणं, शेकणं, सैल पडणं, फाटणं, तपासणं, सगळी रांगेनं आली. जास्त शेकली तर फाटते हे सांगायला जर-तरचं वाक्य लागतं. ज्या रचनेचा आम्ही आठवडाभर सराव करत होतो, ती त्याच्या तोंडून न ठरवता निघाली. लहानपणी कागद आणायचो हे सांगताना भूतकाळातल्या सवयीचं वाक्य आलं. व्याकरण आणि शब्दसंपत्ती या परीक्षेच्या दोन रकान्यांत मागतात ते हेच. काही सांगायचं असेल तर माणूस भाषेला कामाला लावतो. सांगायचं काही नसेल तर नुसती भाषा सांभाळत बसतो.

यात वर्गातल्या युक्तीपलीकडचं काहीतरी होतं. हे तो मराठीत माझ्याशी बोलला नसता. मराठीत हलगी म्हटलं की पाठोपाठ गाव येतं, गावाची ती बाजू येते, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा तो क्षणाचा बदल येतो, जो अशा मुलांना लहानपणापासून वाचता येतो. लांबच्या परक्या माणसासाठी वडील हे नुसते वाजवणारे होते, ज्यांचं कौशल्य वर्णन करण्यासारखं होतं. इंग्रजीला मी मुक्तीची भाषा म्हणत नाही. तिच्यातही उच्चारावरून माणसं वर-खाली बसवली जातात, आणि परीक्षक अनेकदा आपल्यातलाच, भारतीयच असतो. पण त्या काही मिनिटांपुरता नियम असा आहे की त्यानं ओघ ऐकायचा, शब्द ऐकायचे, आणि तू कोण हे विचारायचं नाही. हा नियम त्या मुलाला फार मोठा वाटला. मलाही वाटतो.

त्याच वर्गात एक मुलगी होती, जिच्या घरानं हेच वाद्य ठरवून खाली ठेवलं होतं. बाबासाहेबांचं ऐकून तिच्या पणजोबांनी गावकीची कामं सोडली. मेलेली जनावरं ओढणं सोडलं आणि वाजवणंही सोडलं. त्यांनी ते हक्कानं सोडलं, त्यात कमीपणा नव्हता. आता त्या घरात गाणं आहे ते भीमगीतांचं. तिची आई 14 एप्रिलला वामनदादा कर्डकांची गाणी म्हणते, मिरवणुकीत, घसा बसेपर्यंत. महत्त्वाचं गाणं या कार्डावर तिनं आधी एका हिंदी सिनेमातलं गाणं निवडलं होतं. मग एके संध्याकाळी तिनं आईचं गाणं सांगितलं, कार्डाची दोन मिनिटं उलटून गेली तरी थांबली नाही. एका शाहिरानं गावोगाव पायपीट करून हजारो गाणी लिहिली, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांनी ती तोंडपाठ केली, हे तिला इंग्रजीत सांगता येत होतं. मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, असं ती म्हणाली.

इथं मला एक गोष्ट जपून म्हणायची आहे. मुलांनी मातीतलंच सांगावं असा माझा आग्रह नाही. तो आग्रहही दुसऱ्या बाजूनं पत्ताच विचारतो. सतारमेकर घराण्यातली एक मुलगी माझ्याकडे येते. घराच्या खालच्या खोलीत कारखाना, दिवसभर तारा जुळवण्याचा आवाज. तिला सतार आवडते का म्हणून कुणी विचारलं की ती शांतपणे सांगते, मला बीटीएस आवडतं. त्या कोरियन मुलांची सातही नावं, कोण नाचात पुढं, कोण गाणी लिहितो, कोणत्या काळात तिला कोणत्या गाण्यानं तारलं, हे ती भरभरून सांगते. तिची इंग्रजी वर्गातली सर्वांत प्रवाही. तिथं मी सतारीचा विषय काढत नाही. ही आवड तिची स्वतःची आहे, घरातून आलेली नाही, आणि म्हणूनच तिला ती प्राणापलीकडे प्रिय आहे.

तिसऱ्या भागातला प्रश्न सरावाला घेतला तो दिवस मला आठवतो. पारंपरिक संगीत जपायला हवं का? याचंही पाठ उत्तर ठरलेलं असतं: हो, कारण ती आपली संस्कृती आहे. दोघा-तिघांनी तेच दिलं. मग वाळव्याच्या मुलाची पाळी आली. त्यानं थोडा वेळ घेतला आणि मोडक्या पण स्पष्ट इंग्रजीत सांगितलं की वाद्य जपायला हवं, पण ते जपायची जबाबदारी दर पिढीत त्याच घरांवर टाकू नये. माझे वडील हलगी वाजवतात, आणि फार सुंदर वाजवतात. मी वाजवली नाही तर परंपरा बुडवली म्हणतात. जे असं म्हणतात त्यांच्या मुलांना कुणी हलगी शिकायला सांगत नाही. ज्याला हवी त्यानं शिकावी, त्यांच्या मुलांनीही शिकावी, आणि वाजवणाऱ्याला पैलवानाइतका मान आणि मोबदला मिळावा.

वर्गात सगळ्यांसमोर हलगीचं नाव त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं. हिंदी गाणं बदललेल्या मुलीनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

बीटीएसवाली मुलगी मात्र अडली. तिनं हात वर केला आणि इंग्रजीतच म्हटलं, तुला नको असताना तुझ्यावर लादतात, हे बरोबर नाही. पण माझ्या घरी उलट आहे. जवारी कशी लावायची हे अब्बूंनी माझ्या भावाला शिकवलं, त्याला त्यात रस नाही, तो बँकेच्या परीक्षा देतोय. मला कुणी घोडीला हातसुद्धा लावू दिला नाही. मला सतार आवडते की नाही, हे मी कसं सांगणार? मला कुणी ती करून बघू दिली नाही.

तो म्हणाला, म्हणजे तुला हवी आहे?

ती म्हणाली, माहीत नाही. आधी करून बघायची आहे. मग नाही म्हणायचं असेल तर मी म्हणेन.

इथून पुढं ते दोघं मराठीत भांडू लागले. तो म्हणत होता, नाही म्हणता येणं हे सगळ्यात आधी हवं. ती म्हणत होती, ज्यांना कधी विचारलंच नाही त्यांचं नाही कोण ऐकतो. बाकीची मुलं मध्ये पडली. जतच्या मुलीनं आजीच्या ओव्यांचा विषय काढला, आजीनं तरी कुठं निवडल्या होत्या म्हणून. कुणी कीर्तनाचं काढलं, घरात टाळ पुरुषांच्याच हातात असतात म्हणून. कुणी म्हणालं, चर्चमधल्या गाण्यात तरी आमच्याकडे बाया पुढं असतात. इंग्रजी मागं पडली होती. मी त्यांना थांबवलं नाही, परीक्षा जवळ आली होती तरीही. ज्या गोष्टी ही मुलं परक्या परीक्षकाला सांगायला तयार झाली होती, त्या आता ती एकमेकांना सांगत होती, आपापल्या घरांच्या नावानिशी. रात्रपाळीवाल्यांची वेळ झाली तेव्हा दोघीतिघी उठल्या आणि जिना उतरतानाही त्यांचं बोलणं चालूच होतं.